बिनपायांचा म्हणजे साप नव्हे

पहिला दमदार पाऊस झाला की पाटण, जावळी, शिराळ्याच्या गावांतून सर्पमित्रांचे फोन खणखणू लागतात. परसात साप निघालाय, लवकर या. जाऊन पाहावे तर कधी वाळा, कधी खापरखवल्या, कधी देवगांडूळ. ‘याला विष नाही’ एवढे सांगून आपण तो ओढ्याकाठी सोडतो आणि परततो. घरच्यांची भीती गेली की काम झाले असे वाटते. आमच्या मते अभ्यासकाचे काम तिथेच सुरू होते.

पाय नसणे ही ओळख नव्हे. सरड्यांच्या निरनिराळ्या कुळांत पाय आखडण्याची किंवा नाहीसे होण्याची घटना पंचवीसएक वेळा स्वतंत्रपणे घडली असे मानतात. आपल्याकडच्या रिओपा प्रजातीतील सापसुरळ्यांचे पाय इतके तोकडे की पाचोळ्यातून सरकताना दिसतही नाहीत. लोक तिला सापाची मावशी म्हणतात आणि विषारी समजून मारतात. ती बिचारी पूर्ण बिनविषारी. पापण्यांची उघडझाप आणि डोळ्यामागचे कानाचे छिद्र पाहिले तरी साप नाही हे कळते.

पाय पूर्ण गेलेल्या सापसुरळ्या भेटतात त्या पूर्वेकडे. चिल्का सरोवरातील बेटावरची बार्कुडिया अ‍ॅनन्डेल यांनी १९१७ मध्ये जगापुढे आणली. पूर्व घाटातील सेप्सोफिसचे वर्णन बेडोम यांनी १८७० मध्येच केले होते. पुढे शतकाहून अधिक काळ ती अभ्यासकांच्या हाती लागली नाही. ती पुन्हा सापडल्यावर २०१३ मध्ये जो शोधनिबंध आला, त्याच्या लेखकांत आपले वरद गिरी होते. याच गिरींनी गॉवर आणि विल्किन्सन यांच्यासह २००४ मध्ये कोयनेजवळच्या हुंबरळीतून देवगांडुळाची नवी जाती नोंदवली: इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस. देवगांडूळ ना गांडूळ, ना साप. तो बेडकांच्या नात्यातला उभयचर. जबडा आणि दात पाहिले की गांडुळाचा संशय फिटतो.

चाळकेवाडीच्या पठाराने २००८ मध्ये हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस ही पाल दिली आणि २०१६ मध्ये सरडा सुपर्बा. या सरड्याच्या प्रजातीला तर आपला मराठी ‘सरडा’ हाच शब्द मिळाला. पण हे प्राणी जमिनीवर वावरतात, शोधणाऱ्याला दिसतात. जमिनीखालचे तसे नाहीत. ते वर येतात पावसाने, नांगराने, पाया खणताना. आणि त्यांच्यापर्यंत सगळ्यात आधी पोहोचतो तो बोलावलेला सर्पमित्र. त्याने नोंद केली नाही, तर ती दुसरा कोणी करणार नाही.

म्हणून यंदा प्रत्येक बिनपायाच्या प्राण्याचे चार फोटो घ्या: डोके बाजूने, पाठ, पोट आणि शेपटीचे टोक. शेजारी मोजपट्टी ठेवा. तारीख, गाव, शिवाराचे नाव, मातीचा प्रकार लिहा. रस्त्यावर चिरडलेला खापरखवल्याही मोलाचा आहे, पण वनविभागाच्या परवानगीशिवाय उचलू नका. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा अभ्यासकालाही लागू आहे. मांडुळाचे ठिकाण मात्र समाजमाध्यमांवर कधीही टाकू नका. दुतोंड्याच्या नावाने चालणारी तस्करी त्याच माहितीवर पोसते.

आणि केवळ पठारांवर थांबू नका. जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या कोरड्या माळांवर काम करणाऱ्यांनी विहिरी खणताना, बांध फोडताना हजर राहावे. तिकडच्या नोंदींची आम्ही वाट पाहत आहोत.