पॅट समिटबाई आणि आमच्या मुलींचा खेळ

खेळाच्या नादानें मुलीचा अभ्यास बुडतो, अशी भीति आमच्या आशागडाकडील पुष्कळ पालकांस वाटते. त्यांनीं अमेरिकेंतील पॅट समिटबाईंची हकीकत अवश्य ऐकावी. १९७४ सालीं, वयाच्या २२ व्या वर्षीं, त्या टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या शिक्षिका झाल्या. तेथें पैसा मुबलक, असें कोणी म्हणेल. पण आरंभीं गाडी हांकणें व खेळाडूंचे कपडे धुणें हींही कामें बाईंच्याच गळ्यांत होतीं! पुढें ३८ हंगामांत त्यांच्या संघानें १,०९८ सामने जिंकिले व ८ वेळां राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. आम्हांस मात्र निराळीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. वर्गांत पहिल्या तीन ओळींतच बसावें, असा त्यांचा दंडक असे; आणि त्यांच्या हाताखालीं पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली. २०११ सालीं स्मृतिभ्रंशाचें दुखणें जडल्याचें जाहीर करूनही त्या आणखी एक हंगाम मैदानावर उभ्या राहिल्या; २०१६ सालीं त्या वारल्या. तेव्हां मुलीस मैदानावरून परत बोलाविण्यापूर्वीं, खेळ शिकविणारी बाई वर्गाचा हजेरीपट पाहते कीं नाहीं, एवढें पालकांनीं शाळेंत येऊन विचारावें.