आजीची पाठ आणि नातीची हजेरी



वर्गशिक्षकांकडून रजेच्या चिठ्ठ्या आमच्या टेबलावर येतात. ताप, लग्न, जत्रा ही कारणे नेहमीचीच. पण एक कारण आम्हाला टोचते : "आजी पडली आहे, घरी कोणी नाही." अशी चिठ्ठी बहुधा मुलीची असते, मुलाची क्वचितच. चार दिवसांची रजा महिन्यावर जाते आणि ती आठवीतली मुलगी गणितात मागे पडते ती पडतेच. म्हणून आज हा विषय शाळेच्या अंकात घेतला आहे.

आपल्या निपाणी भागातल्या कितीतरी आज्यांनी मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या, वखारीत तंबाखूचा धुरळा खाल्ला. त्यांच्या लढ्यावर १९८२ मध्ये 'युगांतर' या गटाने माहितीपटही काढला. मालकांपुढे ताठ उभ्या राहिलेल्या याच बाया आज घरात "पाठ दुखते" म्हणायला लाजतात. आणि आपणही "वय झालं" म्हणून मोकळे होतो.

आमच्या आईच्या बाबतीत आम्ही स्वतः हीच चूक केली. दोन वर्षे बाम आणि दुकानातून आणलेल्या दुखऱ्या गोळ्या यांवर काढली. एके दिवशी घागर उचलताना पाठीत कळ आली, तेव्हा एक्स-रे काढला. दोन मणके दबलेले निघाले. ती पडलीसुद्धा नव्हती!

सतत वाकून बसल्याने पाठ दुखते हे खरे. पण हाडे ठिसूळ होणे, म्हणजेच ऑस्टिओपोरोसिस, हा वेगळा आजार आहे. पाळी गेल्यावर बायकांच्या हाडांची झीज वेगाने होते. त्यात आहारात कॅल्शियम कमी, अंगावर ऊन कमी आणि तंबाखूची सवय यांची भर पडते. आपल्याकडे मिश्रीला कोणी व्यसन मानत नाही, पण मिश्री म्हणजे तंबाखूच. उंची दीड-दोन इंचांनी घटली, पाठीला बाक आला किंवा साध्या धक्क्याने मनगट मोडले, तर हाडांच्या घनतेची 'डेक्सा' तपासणी करावी का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. पायातली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

उपचार आहेत, पण ते नीट घ्यावे लागतात. डॉक्टर बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी देतात. ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. आमची आई ती चहाबरोबर घेत होती आणि लगेच कलंडत होती. आम्ही कधी बघितलेच नाही! या वयात रोज साधारण १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. नाचणीची आंबील, दूध, ताक, तीळ हे सारे आपल्या घरचेच आहे.

दुसरी चूक आम्ही मायेपोटी केली. "तू आता हलू नकोस" म्हणून आईला खाटेवर बसवले. थोड्याच दिवसांत तिला उभे राहणे जड जाऊ लागले. शेवटी तीच म्हणाली, "मला काहीतरी काम सांगा रे, नुसतं बसवून ठेवू नका." डॉक्टरांनीही तेच सांगितले : वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही, पण चालायचे. आता ती सकाळच्या उन्हात अंगणात फेऱ्या मारते, खुर्चीवर बसून शेंगा सोलते. न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, रात्री वाटेत दिवा ठेवला, घसरणारी पायपुसणी काढली. याला फार खर्च आला नाही. खुब्याचे हाड मोडले असते तर मात्र सारे घर अंथरुणाला बांधले गेले असते.

आमचे म्हणणे एवढेच की, म्हाताऱ्या माणसाची सेवा हे साऱ्या घराचे काम आहे, घरातल्या मुलीचे एकटीचे नव्हे. मुलाने आजीला हात धरून फिरवले, बापाने न्हाणीघर कोरडे केले, तर कोणाची मान खाली जात नाही. यापुढेही "आजी पडली" अशी चिठ्ठी आली तर आम्ही रजा नाकारणार नाही. पण पालकांना बोलावून दोन प्रश्न जरूर विचारू : आजीच्या हाडांची तपासणी झाली का? आणि उद्या घरी थांबायची पाळी कोणाची?

– मुख्याध्यापक