वाकलं म्हणजे वितळलं नव्हे

भिवंडीकडे एखादं गोदाम जळून पत्र्याची शेड खाली बसली की डोळखांबसारख्या गावापर्यंत एकच युक्तिवाद पोचतो. लोखंड वितळायला १५०० अंश लागतात, साध्या आगीत तेवढी धग नसते, आणि छपराच्या कैच्या तर वितळल्यात, म्हणजे घातपातच! २००१ साली न्यूयॉर्कचे मनोरे पडल्यावरही हेच ऐकलं होतं.

पण वितळल्या हे ठरवलं कुणी? बांधकामाच्या पोलादाची ताकद ५५० ते ६०० अंशांच्या सुमारास निम्म्यावर येते. भडकलेल्या आगीत ८००-१००० अंश सहज होतात. त्यात दहा मीटरची तुळई ६०० अंशांनी तापली की सात सेंटीमीटर लांबते. दोन्ही टोकं जखडलेली असतील तर ती वाकेल नाहीतर आधार ढकलेल. भातकापणीच्या तोंडावर लोहाराकडे विळा ठोकून घेणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. तिथे लोखंड लाल होतं, हवं तसं वळतं, पण एक थेंबही गळत नाही. भात्यासमोर कधी उभं न राहिलेल्यांनीच हा १५००चा आकडा फेकावा, याची मला चीड येते.

मग वितळलेल्या धातूचे ओघळ दाखवले जातात. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पत्र्यावरचं जस्त ४२०ला. शिवाय ढिगारा उपसताना गॅसकटर चालतो. त्याने कापलेली कड जवळून पाहा: बारीक समांतर रेघा आणि खालच्या अंगाला चिकटलेला काळा साका. हा पुरावा आगीनंतरचा आहे!

लोखंडावरच्या निळ्या-पिवळ्या छटा दोन-तीनशे अंशांतही येतात. त्यांवरून भट्टी सिद्ध होत नाही.

उलट टोकाचेही आहेत. न्यूयॉर्कच्या बाहेरच्या खांबांवर रंगाला गेलेले तडे पाहून १७०हून अधिक जागा तपासल्या, त्यांतल्या तीनच २५० अंशांपुढे गेलेल्या निघाल्या. म्हणून म्हणे आग किरकोळ होती. पण आगीच्या मजल्यांवरच्या बाहेरच्या खांबांपैकी जेमतेम ३ टक्के आणि आतल्यांपैकी १ टक्काच तपासायला मिळाले होते. तपासणाऱ्यांनी स्वतः तो निष्कर्ष सगळ्या इमारतीला लावला नाही. मग आपण कोण लावणार?

करायचं ते असं. भंगारवाल्याच्या गाडीत चढण्याआधी प्रत्येक तुकडा कुठे पडला होता याचा फोटो काढावा, त्यावर खडूने क्रमांक टाकावा. नमुना करवतीने, गार ठेवून कापावा, एक जळक्या भागातला आणि एक त्याच तुळईच्या न तापलेल्या टोकाचा. दोन्हींची कणरचना सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवावी. ७२७ अंशांपलीकडे ती बदलते. तो तुकडा पडल्यावर धुमसत्या ढिगाऱ्यात होता का, हेही नोंदवावं. आणि अहवालात लिहावं ते एवढंच: या जागी, निदान इतकं तापमान.