भाकरी कोणाच्या घरची?

वेलनेस रिट्रीटला हजारो रुपये मोजून 'सामूहिक पौष्टिक भोजन' केलं. ताटात काय, तर बाजरीची भाकरी! आमच्या बेलापूरच्या पट्ट्यात हे फुकट मिळतं. सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा सप्ताह दर श्रावणात नव्या ठिकाणी भरतो; परंपरा सुमारे 175 वर्षांची. गावोगावच्या घरांतून भाकऱ्या ट्रॅक्टरने येतात, कढईत आमटी उकळते, पंगतीला लाखो लोक बसतात. पानातली भाकरी कोणाच्या घरची, कोणी विचारत नाही.

रिट्रीट भाकरी विकतं. दुसऱ्यासाठी भाकरी करणं त्याला विकता येत नाही.

पण मीही साव नाही. भाकऱ्या थापते आई, मी जेवून नुसती स्टोरी टाकतो. यंदा परातीपुढे मी बसणार. तुम्ही?