औषधाची सक्ती आणि न्यायाचा पहारा

सावेडींतील एखाद्या व्यापाऱ्याचें घर वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावें. थोरला मुलगा मनोरुग्णालयांतून बरा होऊन परतला. चार महिने त्यानें गोळ्या घेतल्या व मग साफ नाकारल्या. आई ताकांत गोळी विरघळवून त्यास पाजते. हें मायेपोटीं होतें हें आम्हांस मान्य आहे. पण रुग्णाच्या संमतीवांचून होतें, हेंही तितकेंच खरें.

कायदा काय म्हणतो? १९१२ च्या व पुढें १९८७ च्या कायद्यान्वयें मॅजिस्ट्रेटच्या हुकुमानें रुग्णास इस्पितळांत धाडतां येई. २९ मे २०१८ पासून अंमलांत आलेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें ही घडी बदलली. आतां नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून, एका मनोविकारतज्ज्ञासह दोघांनीं निरनिराळें तपासल्यावर, रुग्णास ३० दिवसांपर्यंत दाखल करून ठेवतां येतें. त्यापुढें पुनरावलोकन मंडळाची मंजुरी लागते; मंडळाचा अध्यक्ष जिल्हा न्यायाधीशाच्या योग्यतेचा असतो, आणि त्याच्या निर्णयावर उच्च न्यायालयांत अपील चालतें. परंतु हा पहारा इस्पितळाच्या दारापाशीं संपतो. घरीं राहणाऱ्यावर औषधाची सक्ती करणाऱ्या हुकुमाची तरतूद या कायद्यांत नाहीं.

मग ती करा, असें कोणी म्हणतील. न्यूयॉर्क संस्थानांत १९९९ च्या कायद्यानें न्यायाधीश असा हुकूम देतो. इंग्लंडांत २००८ पासून तो डॉक्टर काढतात. पण इंग्लंडांतील प्रयोगाचा जो निकाल २०१३ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत असा हुकूम झालेले व केवळ अल्प मुदतीच्या रजेवर सोडलेले, अशा दोन्ही वर्गांतील शेंकडा ३६ रुग्ण वर्षभरांत पुन्हां दाखल झाले. सक्तीनें काय साधलें?

आमचें मत स्पष्ट आहे. अशी सक्ती कधीं आणावयाचीच झाली, तर ती न्यायाधीशाच्या हुकुमावांचून, मुदतीवांचून व रुग्णाचा वकील ऐकल्यावांचून असूं नये. तोंवर हातीं आहे तें तरी वापरावें. प्रकृति ठीक असतां, कोणते उपचार हवेत व कोणते नकोत हें आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क याच कायद्यानें दिला आहे. भागीदारीचा दस्तऐवज करणाऱ्या आमच्या व्यापाऱ्यांस या कागदाचें मोल सांगावयास नको. सरकारनेंही मंडळाचें दार जिल्ह्यांतील गरिबास खरोखर उघडें राहील असें करावें.

शंभर रुपयांच्या दाव्यांतही प्रतिवादीस समन्स निघतें. ज्यानें कोणाचें कांहींच देणें बुडविलें नाहीं, त्याच्या देहावरचा हुकूमनामा मात्र त्याचें म्हणणें न ऐकतां व्हावा काय?