जोडीने खेळायचं, पण डाव कोणाचा?



शनिवारी सकाळी नोव्हेना स्टेशनात दहा मिनिटं उभं राहिलं तर नवराबायकोच्या नात्याबद्दल बरंच काही दिसतं. बॅडमिंटनच्या रॅकेटी खांद्याला अडकवून निघालेली जोडपी असतात, मॅकरिचीच्या जंगलात चालायला निघालेली असतात. आणि एक तिसरा प्रकार असतो. पुढे क्रिकेटची किट घेतलेला तो, आणि मागे पाण्याच्या बाटल्या, पोह्यांचा डबा आणि पेंगुळलेलं मूल घेतलेली ती. दोघं एकाच ठिकाणी निघालेत हे खरं. पण छंद दोघांचा आहे का?

लग्न जमवताना 'आवडीनिवडी जुळतात का' हा प्रश्न आता पत्रिकेइतकाच मानाचा झाला आहे. विवाहमंडळाच्या फॉर्मवर ट्रेकिंग, वाचन, प्रवास हे तीन शब्द नाहीत असं स्थळ विरळाच. (शेवटचा ट्रेक कॉलेजात असताना राजमाचीला झालेला असतो, तो भाग वेगळा.) छंद जुळले की संसार जुळला, अशी यामागची समजूत. ती अर्धी खरी आहे.

अर्धी खरी म्हणण्याला आधार आहे. आर्थर अ‍ॅरन आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. जोडप्यांचे एकेक मनगट आणि घोटा एकमेकांना बांधले आणि त्यांना मॅटवर रांगत, अडथळा ओलांडत, हात न लावता एक उशी पलीकडे न्यायला सांगितली. खेळ जेमतेम काही मिनिटांचा. पण तो खेळलेल्या जोडप्यांनी आपल्या नात्याबद्दल नंतर जे सांगितलं, ते कंटाळवाणं काम दिलेल्या जोडप्यांपेक्षा अधिक आनंदाचं होतं. लक्षात घ्या, इथे दोघांपैकी कोणीच त्या खेळात तरबेज नव्हतं. दोघंही सारखेच धडपडत होते.

उरलेला अर्धा भाग २००२ सालच्या एका अभ्यासात सापडतो. ड्युएन क्रॉफर्ड, टेड ह्यूस्टन वगैरे संशोधकांनी अमेरिकेतल्या विवाहित जोडप्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. ज्या गोष्टी नवऱ्याला आवडतात आणि बायकोला आवडत नाहीत, त्या वारंवार होत राहिल्या तर बायकोचं समाधान घटतं, असं त्यांना दिसलं. नवऱ्याने त्या एकट्याने केल्या तरी, आणि बायकोला सोबत घेऊन केल्या तरीही! म्हणजे 'अगं, तूही चल ना' एवढ्याने काम भागत नाही. अभ्यास अमेरिकन आहे, आपल्याला जसाच्या तसा लागू होईल असं नाही. पण वाचताना आमच्या डोळ्यांसमोर तो पोह्यांचा डबा आला, हे कबूल करतो.

सिंगापुरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आपल्यातल्या अनेक जणी (आणि काही जणही) इथे डिपेंडंट पासवर आल्या. १ मे २०२१ पासून डिपेंडंट पासवरच्या व्यक्तीला नोकरी करायची तर स्वतःचा वर्क पास लागतो; पूर्वीसारखं नुसत्या संमतिपत्रावर भागत नाही. पुण्यात किंवा नाशकात जिची नोकरी होती, गाण्याचा क्लास होता, मैत्रिणी होत्या, ती इथे बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येते. मग नवऱ्याचा क्रिकेटचा ग्रुप हाच तिचाही ग्रुप होतो. त्याच्या मित्रांच्या बायका याच तिच्या मैत्रिणी. अशा वेळी 'आम्ही सगळं जोडीने करतो' या वाक्याचा अर्थ, तिच्याकडे तिचं असं काही उरलेलं नाही, असाही असू शकतो.

आमच्या ओळखीची एक जण तीन वर्षं रविवारी मैदानावर स्कोअर लिहीत होती. चांगला लिहायची, तक्रार नव्हती. मग ती बुधवारी संध्याकाळी एकटीच कुंभारकाम शिकायला जाऊ लागली. नवऱ्याची पहिली प्रतिक्रिया: "मला का नाही विचारलंस?" ती म्हणाली, "तू क्रिकेट लावलंस तेव्हा मला विचारलं होतंस का रे?" भांडण झालं नाही, पण बुधवारी मुलीला कोण जेवू घालणार यावर दोन महिने रुसवेफुगवे चालले. बुधवारी आता खिचडी तो टाकतो.

जोडीच्या खेळाचं कौतुक करायचं तर बुद्धिबळातलं गोखले दांपत्य आठवतं. अनुपमा अभ्यंकर यांना १९८६ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्या शाळकरी वयाच्या होत्या. त्याच साली रघुनंदन गोखले यांना प्रशिक्षक म्हणून द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. पुढे ते विवाहबद्ध झाले. दोघांनीही पट आपापल्या घरून आणला होता, कोणी कोणाच्या खेळात पाहुणं म्हणून आलं नव्हतं. दुसरीकडे पु. ल. आणि सुनीताबाई. बोरकरांच्या, मर्ढेकरांच्या कविता दोघांनी मिळून रसिकांसमोर वाचल्या, तिथे दोघं बरोबरीचे. पण नाटकांच्या, प्रयोगांच्या आणि घराच्या व्यवहाराचं ओझं कोणाच्या खांद्यावर होतं, हे 'आहे मनोहर तरी' १९९० साली आलं तेव्हा महाराष्ट्राने वाचलं. पुष्कळांना ते आवडलं नव्हतं. एकाच घरात दोन्ही प्रकार नांदू शकतात, हे मात्र त्यातून कळतं.

छोट्या गोष्टींतही हे दिसतं. मिक्स्ड डबल्समध्ये "माझं, माझं!" ओरडत बायकोच्या बाजूचं शटल उडवणारे वीर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. (स्वतः केलेलं नाही, असं म्हणण्याचं धाडस प्रस्तुत लेखक करणार नाही.) २०२०च्या एप्रिल-मेमध्ये इथे सर्किट ब्रेकर लागला तेव्हा घरोघरी कॅरम आणि पत्ते निघाले. रमीत बायको रोज जिंकायला लागल्यावर किती घरांतला कॅट कपाटात गेला, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

आणखी एक बाजू आपण सोयीस्करपणे विसरतो. नवराबायको दोघंही खेळायला जातात तेव्हा घर कोण सांभाळतं? बऱ्याच घरांत मदतनीस बाई. त्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा नियम २०१३ साली आला. महिन्यातली किमान एक सुट्टी पैसे देऊन रद्द करता येणार नाही, हा नियम व्हायला २०२३ साल उजाडलं. आपल्या 'क्वालिटी टाइम'साठी त्यांचा रविवार मागून घेणं सोपं असतं. त्यांनाही छंद असतात.

आता आपल्याकडे वळू. आपल्या वार्षिक क्रीडादिनात पुरुषांसाठी क्रिकेट आणि बॅडमिंटन, महिलांसाठी लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची, असा बेत कितीतरी वर्षं चालत आला आहे. पुरोगामी म्हणवणाऱ्या गटाला हे शोभत नाही. यंदा कॅरम आणि बॅडमिंटनच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात, नवराबायको शक्यतो वेगवेगळ्या जोड्यांत यावेत, आणि नाश्त्याच्या व मुलांकडे बघण्याच्या पाळ्यांची यादी खेळाडूंच्या यादीच्या आधी तयार व्हावी, तीत निम्मी नावं पुरुषांची असावीत, असा प्रस्ताव येत्या बैठकीत मांडत आहोत. पहिलं नाव आमचं लिहून घ्यावं. पोहे बरे जमतात.