बॉनेट उघडून बघायचं काय?

धान घरात आलं की आमच्याकडे दोघांची दिवाळी होते. एक आमची आणि दुसरी उंदरांची. तलाव, धान आणि राईस मिली यांचाच आमचा गोंदिया जिल्हा, त्यामुळे उंदीर काही नवीन नाहीत. पूर्वी ते पोती कुरतडायचे. आता त्यांची आवड बदलली आहे. त्यांना मोटारीच्या वायरी आवडायला लागल्या आहेत!

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. आईच्या दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी नागपूरला अकरा वाजता तपासणी होती. अर्जुनी मोरगावहून नवेगावबांध, साकोली करत जायचं, म्हणून पहाटे सहालाच गाडी काढायला गेलो. किल्ली फिरवली. स्टार्टर फिरतोय, पण इंजिन काही पकडत नाही. समोर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा. काय बिघडलं, कुठे बिघडलं, काही नाही. नुसता दिवा.

सवयीने बॉनेट उघडलं. आत काय दिसलं? एक मोठं काळं प्लॅस्टिकचं झाकण, त्यावर कंपनीचं नाव. मी दोन मिनिटं त्या झाकणाकडे बघत उभा राहिलो आणि बॉनेट परत लावून टाकलं. शेजारचे काका ब्रश तोंडात धरून विचारत होते, "काय झालं?" काय सांगणार, कपाळ?

शेवटी एसटीने साकोली, तिथून दुसरी बस. पोचेपर्यंत साडेबारा वाजले. डॉक्टर ऑपरेशनला गेले होते. पुढची तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. आई काही बोलली नाही. फक्त परतताना साकोलीच्या स्टँडवर चहा पिता पिता म्हणाली, "तुझ्या बाबांनी फियाट एव्हाना चालू केली असती."

ती सहज म्हणाली, पण मला ते लागलं.

घरातल्या मंडळींना ती फियाट आठवत असेलच. प्रीमियर पद्मिनी, बाबांनी जुनी घेतलेली. आपल्या वालचंद हिराचंदांच्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. डिकीत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात पाने, पकड, पॉलिश पेपर, फीलर गेज, एक जादा कंडेन्सर आणि एक जुना फॅन बेल्ट. बाबा मास्तर होते, मिस्त्री नव्हते. पण पॉइंट घासून त्यातली फट बरोबर करणं, प्लग काढून साफ करणं, क्लचची केबल बदलणं हे त्यांना यायचं. त्या काळात गाडी ठेवणाऱ्या बहुतेकांना यायचं. मे महिन्यात विदर्भातल्या उन्हात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडली की ते पेट्रोल पंपावर (म्हणजे इंजिनाला लावलेल्या छोट्या पंपावर हं!) ओलं फडकं ठेवायचे आणि आम्ही झाडाखाली बसून आंबे खायचो. पंधरा-वीस मिनिटांत गाडी चालू.

आता इथे थोडं प्रामाणिक व्हायला हवं. ती फियाट बाबांना दुरुस्त करता यायची, कारण ती सारखी बंद पडायची. नागपूरला जाताना एकदा तरी थांबायचंच, हे आम्ही गृहीतच धरलेलं होतं. आताच्या गाडीला चार वर्षांत मी एकदाही रस्त्यात बॉनेट उघडून उभा राहिलेलो नाही. कार्बोरेटर गेला, चोक गेला, पॉइंट गेले आणि बरंच झालं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं, तेव्हा इंधनातलं गंधकही ५० वरून १० पीपीएमवर आलं. हे सेन्सर आणि संगणक नसते तर हा धूर कमी झालाच नसता. एअरबॅग, एबीएस हेही आलंच. तेव्हा 'जुनं ते सोनं' म्हणत गळे काढायला मी बसलेलो नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. ती पुढे येतेच.

दुसऱ्या दिवशी गोंदियाच्या अधिकृत वर्कशॉपला फोन केला. पलीकडचा मुलगा फार अदबीने बोलला. "सर, उंदराची केस असेल तर आम्ही वायर जोडत नाही, पूर्ण हार्नेस बदलतो. तीस हजारांच्या आसपास जाईल. पार्ट यायला दहा-बारा दिवस. टोइंग वेगळं. आणि सर, बाहेर कुणाला हात लावू देऊ नका, वॉरंटी जाईल."

एक वायर उंदराने खाल्ली, तर सगळ्या गाडीच्या नसा बदलायच्या! दाताला कीड लागली म्हणून जबडा बदलण्यातला प्रकार.

मग गेलो आमच्या जुन्या मिस्त्रींकडे. बाबांच्या फियाटचं इंजिन दोनदा उतरवलेला हा माणूस. एकेकाळी त्यांच्या टपरीसमोर जीप, अ‍ॅम्बेसेडर, मारुती ८०० अशी रांग असायची. आता मोटरसायकली आणि पंक्चर. त्यांनी ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाले, "भाऊ, पयले गाडी बिमार पडे त आवाज करे. आवाज आयकला का रोग समजे. आता आवाजच नाही करत, दिवा लावते. दिव्याची भाषा मले कोनी शिकोली नाही."

यात रडगाणं नव्हतं. साधं सत्य होतं. रोग बरा करायला हात तयार आहेत, पण रोगाचं नाव सांगणारं यंत्र कंपनीच्या कुलपात.

रात्री पुण्याच्या भाच्याशी बोलताना हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मामा, स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतो बघ. हजारेक रुपयांचा स्कॅनर मिळतो, मोबाईलला जोडायचा." मागवला. सॉकेट खरंच होता. चार वर्षं माझ्या गुडघ्याजवळ होता आणि मला पत्ता नव्हता! मोबाईलवर कोड आला: पी ०३३५. म्हणजे क्रँकशाफ्ट सेन्सरचं सर्किट. इंजिन फिरतंय की नाही हे संगणकाला ज्याच्याकडून कळतं, तो हा सेन्सर. तोच गप्प असेल तर संगणक ठिणगी देणार कधी आणि पेट्रोल सोडणार कधी?

मिस्त्रींना एवढंच सांगितलं. ते गाडीखाली सरकले आणि दहा मिनिटांत आतून आवाज आला, "सापडली!" दोन वायरी कुरतडलेल्या. सोल्डर केल्या, वरून नळी चढवली, टेप गुंडाळला. कोड पुसला. किल्ली फिरवली. गाडी चालू! एकूण खर्च चारशे रुपये, तेही मी बळेच दिले. वॉरंटीचं काय होईल ते होवो, म्हटलं.

आता मुद्दा. हे काम अवघड नव्हतं, ते फक्त झाकलेलं होतं. आणि जेवढं उघडं होतं, तेही कंपन्यांच्या मेहेरबानीने नव्हे. अमेरिकेत प्रदूषणाच्या कायद्यामुळे १९९६ पासूनच्या गाड्यांना एकच सॉकेट आणि एकच कोडभाषा सक्तीची झाली. आपल्याकडे ती पद्धत बीएस-४ च्या काळात, २०१३ पासून आली. म्हणून धुराशी संबंध असलेले कोड हजार रुपयांच्या स्कॅनरला वाचता येतात. जिथे कायद्याचा हात पोचला नाही, तिथे प्रत्येक कंपनीची भाषा निराळी. एअरबॅगचा दिवा लागला किंवा किल्ली हरवून नवी 'कोड' करायची असली, की आमचे मिस्त्री पुन्हा आंधळे.

हे मी एकटाच म्हणतोय असं नाही. २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. कारण हेच: सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगाने बजावलं. प्रकरण अपिलात गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने 'दुरुस्तीचा हक्क' यावर समिती नेमली, २४ डिसेंबरला पोर्टलही सुरू केलं. त्यात शेतीची यंत्रं आहेत, मोबाईल आहेत, मोटारीही आहेत. छान आहे. पण पोर्टलने आमच्या टपरीतल्या माणसाच्या हातात काही पडलेलं नाही.

शहरातल्या लोकांना हे फार मोठं वाटणार नाही. तिथे दोन किलोमीटरवर वर्कशॉप असतं. इथे साठ-सत्तर किलोमीटरवर असतं आणि मधल्या जंगलात मोबाईलला रेंजही नसते. तिथे गाडी बंद पडली तर टोल-फ्री नंबर कुठून लावणार? जवळच्या गावातला मिस्त्रीच देव असतो. तोच उद्या उरला नाही तर? मिस्त्रींच्या मुलाने आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड केला आणि आता तो मोबाईलच्या दुकानात बसतो. बापाच्या धंद्याला भविष्य नाही, असं त्याला वाटतं. त्याला मी काय तोंडाने चूक म्हणू?

असो. तीन आठवड्यांनी आईला घेऊन त्याच गाडीने नागपूरला गेलो, वेळेवर पोचलो. ऑपरेशनही नीट झालं. स्कॅनर मी मिस्त्रींना देऊन टाकला. "मले हे मोबाईलचं जमत नाही" म्हणत त्यांनी आधी परत केला, मग मुलगा पुढे झाला आणि त्याने हातात घेतला. परवा गेलो तर एक चारचाकी उभी होती आणि तो पोरगा स्टिअरिंगखाली वाकून सॉकेट शोधत होता.

तुमच्या गावात असा एखादा मिस्त्री अजून असेल, तर पुढच्या वेळी पिवळा दिवा लागल्यावर आधी त्याच्याकडे जा. आणि तुमच्या गाडीतला तो सॉकेट कुठे आहे, ते आजच वाकून बघून ठेवा. मला चार वर्षं लागली.